लिंबापर्यंतचे पाणी

स्मरणिकेच्या संपादक मंडळाने आम्हांस शाळेच्या वाटचालीवर चार पाने लिहावयास सांगितली होती. ते काम आमच्याहून जुने सहकारी अधिक अधिकाराने करतील असे वाटल्यावरून आम्ही निराळ्या विषयाची परवानगी मागितली, आणि ती मिळाली. विषय पाण्याचा आहे. २०२५ च्या सप्टेंबरअखेर आपल्या सभागृहात सीनाकाठची काही कुटुंबे अकरा दिवस राहून गेली, हे वाचकांस ठाऊक आहे. मुलांनी आपली पांघरुणे वाटून घेतली, स्वयंपाकघरातील मावशींनी कोठून कसे पुरवठ्यास आणले ते त्यांनाच ठाऊक, नववीच्या मुलींनी लहान लेकरांची शाळा भरविली. त्या कुटुंबांपैकी सात आमच्या वस्तीतील होती. त्यांना घरे सोडावी लागली, यात आमचाही एक निर्णय कारणीभूत होता. सभागृहात त्यांच्यासमोर उभे राहून चार शब्द बोलताना आम्हांस जे सांगता आले नाही, ते येथे लिहीत आहोत.

आमचे गाव परंडा तालुक्यात, सीनेच्या डाव्या तीरावर आहे. सीना अहिल्यानगरकडून येते, काही अंतर धाराशिव आणि सोलापूर या जिल्ह्यांची शीव होऊन वाहते आणि पुढे हत्तरसंग-कुडल येथे भीमेस मिळते. त्या संगमावरील शके ९४० चा, म्हणजे इ. स. १०१८ चा शिलालेख मराठीतील सर्वांत जुन्या लेखांपैकी एक मानला जातो. इतिहासाच्या तासाला आम्ही त्याचे वर्ष दरसाल फळ्यावर लिहितो आणि ही नदी आपल्या दारावरून जाते हे मुलांस अभिमानाने सांगतो. प्रत्यक्षात आमच्या पिढीने सीनेला वर्षातील आठ-नऊ महिने वाळूचा पट्टा म्हणूनच पाहिले. पात्रात आम्ही क्रिकेट खेळलो, लग्नांचे मांडव घातले. पावसाळ्यात पुलाखालून पाणी जाऊ लागले की लोक ते पाहावयास सायकलींवर येत.

गावाची पांढरी उंचवट्यावर आहे. मारुतीचा पार, पाटलांचे वाडे, चावडी हे सारे वर. आमची वस्ती पूर्वेच्या उतारावर, ओढा नदीस मिळण्यासाठी जेथे वळतो तेथे. वस्तीच्या खाली गायरानाचा एक तुकडा, ओढा व नदी यांच्या बेचक्यात, आणि त्यात एक जुना लिंब. बाबासाहेबांनी १९४८ साली ‘द अनटचेबल्स’ या ग्रंथात अस्पृश्यांची वस्ती गावाबाहेर का, हा प्रश्न इतिहासासमोर ठेवला. त्या प्रश्नास आमच्या गावापुरती एक पुरवणी जोडावीशी वाटते. बाहेर तर खरीच, परंतु खाली का? गावाचे वाहते पाणी, गावाचा वारा, गावाची मेलेली जनावरे, सर्वांची उतरती दिशा वस्तीकडे होती. हा उतार किती फुटांचा, हे निजामाच्या कोणत्या दप्तरात कोणी लिहून ठेवले असेल असे वाटत नाही. आम्हीही पन्नाशी उलटेपर्यंत तो मोजला नव्हता.

आमच्या मुलखाची स्मृती दुष्काळाची आहे. दुर्गादेवीचा दुष्काळ, १६३० चा, १८७६ ते १८७८ चा, छप्पन्नचा, बहात्तरचा: दुष्काळांना येथे माणसांसारखी नावे आहेत. शेजारच्या मंगळवेढ्याच्या दामाजीपंतांची कथा दुष्काळाचीच. म्हाताऱ्या माणसांचे वय विचारले तर ती अमुक दुष्काळात रांगत होतो असे सांगतात. पुराला असे नाव नाही. कोल्हापूर-सांगलीकडे २००५ आणि २०१९ ही वर्षे पुराची म्हणून घरोघर ठाऊक आहेत. आमच्याकडे तसे वर्ष नव्हते.

बहात्तर साली आम्ही दोन वर्षांचे होतो. आईने आम्हांस बाभळीखाली झोळीत टाकून पाझर तलावाच्या भरावावर पाट्या वाहिल्या. सुकडी आणि अमेरिकेतून आलेली तांबडी मिलो ज्वारी खाऊन आमची वस्ती जगली. त्या कामांतूनच रोजगार हमीचा विचार पक्का झाला, १९७७ मध्ये त्याचा कायदा झाला आणि १९७९ पासून तो अमलात आला. महाराष्ट्राच्या या कायद्याविषयी आम्हांस आदर आहे आणि तो राहील. आईला मात्र कायद्याहून तो तलाव प्रिय होता. ‘माझा तलाव’ म्हणत असे. त्यात पाणी साचले की ती पाहून येई.

आता निर्णयाची हकीकत.

२०१२-१३ चा दुष्काळ अनेकांस आठवत असेल. मराठवाड्यात गावोगाव टँकर, फळबागा वाळून गेलेल्या, जनावरांच्या छावण्या. त्याच वर्षी आमच्या वस्तीतील नोकरदारांनी प्रत्येकी एका महिन्याचा पगार देऊन अभ्यासिका व वाचनालय बांधावयाचे ठरविले. समितीचे प्रमुखपद आमच्याकडे आले. जागा दोन होत्या. एक वरच्या माळावर, खाजगी मालकीची. मालक विकण्यास नाखूश, आणि किंमत सांगितली ती ऐकून आम्ही उठून आलो. दुसरी लिंबाखालच्या गायरानाची, जी आमची माणसे कर्मवीर दादासाहेब गायकवाडांच्या भूमिहीनांच्या सत्याग्रहापासून कसत आली आहेत. तेथे बोअर घेऊन पाहिले तर नव्वद फुटांवर पाणी लागले. माळावर तीनशे फुटांतही धुराळाच निघाला होता. दुष्काळाच्या वर्षी याहून मोठा पुरावा कोणता? समितीत एकमत झाले.

थोरल्या आत्या तेवढ्या आडव्या आल्या. त्या तेव्हा सत्तरीच्या आसपास होत्या, वैधव्यानंतर माहेरी राहावयास आलेल्या. लिंबाच्या पारावर बसून त्यांनी आम्हांस सांगितले, “आरं, हितं नगा बांधू. म्या बारीक हुते तवा लिंबापातुर पाणी आल्तं. आबानं मला खांद्यावर घिऊन माळावर नेल्तं.”

आम्ही विचारले, “कोणत्या साली, आत्या?”

“साल मला काय ठावं? बाबासाहेबांनी धर्म दिला त्याच्या मागंम्होरं.”

“तवा वर धरण नव्हतं, आत्या. आता कोळेगावला पाणी अडतंय. आन् नदीत पाणी हायच कुठं?”

त्या गप्प बसल्या. आम्ही मात्र तेवढ्यावर थांबलो नाही. इतिहासाचे पदव्युत्तर शिक्षण घेतलेल्या माणसास साधार बोलण्याची सवय असते. आम्ही जिल्ह्याचे गॅझेटियर चाळले. त्यात दुष्काळांच्या नोंदी भरपूर होत्या, आमच्या गावच्या पाण्याची एक ओळ नव्हती. आत्यांची साक्ष आम्ही बालपणीची अतिशयोक्ती म्हणून बाजूस ठेवली. ज्यांचा इतिहास कोणत्याही दप्तरात नाही अशा लोकांची तोंडी साक्ष हेच साधन असते, हे आम्ही वर्गात वीस वर्षे शिकवीत होतो. आपल्या घरातील अडाणी म्हातारीच्या बाबतीत ते आम्हांस सुचले नाही.

अभ्यासिका झाली. बोअरचे पाणी, लिंबाची सावली, मुरमाचा रस्ता, विजेचा खांब, या सोयी पाहून पुढील पाच-सहा वर्षांत सात कुटुंबांनी आपली घरकुले तिच्याशेजारी बांधली. त्यांतील दोघांना अर्ज आम्हीच लिहून दिले.

मध्यंतरी एक प्रसंग घडला तो सांगावयास हवा, कारण आज त्याची आठवण टोचते. शाळेची सहल हैदराबादला गेली असता आम्ही मुलांना मुसी नदीकाठच्या उस्मानिया रुग्णालयाच्या आवारातील चिंच दाखविली. २८ सप्टेंबर १९०८ रोजी मुसीला पूर आला. सुमारे १५ हजार माणसे गेली असे म्हणतात, आणि त्या एका चिंचेवर चढून दीडशेच्या आसपास लोक वाचले. पुढे निजामाने विश्वेश्वरय्यांना बोलाविले, आणि उस्मानसागर व हिमायतसागर हे दोन तलाव झाले. आमचा मराठवाडा त्याच राज्यात होता, म्हणून ही गोष्ट आम्ही रंगवून सांगितली. मुसी ही सीनेसारखीच दख्खनच्या कोरड्या पठारावरील नदी, तारीख सप्टेंबरअखेरची, झाड नदीकाठचे. इतके सारे जुळत असूनही आम्ही ती फक्त गोष्ट म्हणूनच सांगितली.

२०२५ च्या सप्टेंबरचा चौथा आठवडा. अशोक विजयादशमी दहा-बारा दिवसांवर होती, नागपूरला जाणाऱ्यांची तिकिटे निघाली होती. महिनाभर पाऊस थांबून थांबून पडत होता, जमीन ओल धरून फुगली होती. त्या रात्री अभ्यासिकेत दोन मुले झोपली होती, एक पोलीस भरतीची तयारी करणारा आणि दुसरा आपल्याच शाळेचा माजी विद्यार्थी. रात्री दोनच्या सुमारास आमचा फोन वाजला. “सर, पाणी आत आलंय. घोट्याइतकं हाय. पुस्तकं वर घेऊ का?”

आम्ही ‘घ्या’ म्हणालो.

हे एका अक्षराचे उत्तर आम्हांस जन्मभर पुरेल. खालच्या फळीवर बाबासाहेबांच्या लेखन आणि भाषणांचे शासनाने काढलेले खंड होते, आमच्या वडिलांनी एकेक करून जमविलेले. शिवाय बहात्तरच्या कामावर गेलेल्या बायांच्या आठवणींची आम्ही उतरवून घेतलेली वही होती. ती आधी उचला, असेही आम्ही सांगितले. मुलांनी गुरुजींची आज्ञा मानली. वीस मिनिटांनी पुन्हा फोन आला तेव्हा पाणी कमरेच्या वर होते आणि बाहेरच्या दाबाने दार उघडत नव्हते. खिडकीचा गज वाकवून ती दोघे निघाली, लिंबाच्या फांदीवरून स्लॅबवर गेली आणि दुसऱ्या दिवशी दुपारी बचाव पथकाची बोट येईपर्यंत तेथे बसून राहिली. घरकुलांतील माणसे अंधारात लेकरे घेऊन माळावर पळाली, म्हणून जीव वाचले. शेळ्या, कोंबड्या, धान्य, कागदपत्रे यांतले काही राहिले नाही. त्याच दिवसांत आमच्या तालुक्यात हेलिकॉप्टरने माणसे काढावी लागली, आणि सोलापूर जिल्ह्यात सीनेने महामार्ग बंद पाडले. वही मिळाली नाही. खंड मिळाले, परंतु पाने चिकटून त्यांच्या विटा झाल्या आहेत.

ज्या नदीत आम्ही क्रिकेट खेळलो, ती एका रात्रीत अशी कशी झाली? आम्ही शास्त्राचे विद्यार्थी नाही. तरी गेल्या काही महिन्यांत मिळेल ते वाचले, शाळेच्या विज्ञान शिक्षकांना छळले आणि आमच्यापुरती उत्तरे जुळविली.

पहिली गोष्ट आकाशाची. हवा एक अंश तापली की ती सुमारे सात टक्के अधिक बाष्प धरू शकते. त्यामुळे पाऊस लांबतो, आणि पडतो तेव्हा पूर्वीहून मोठ्या मापाने पडतो. मध्य भारताच्या पट्ट्यात मोठ्या क्षेत्रावर एकाच वेळी कोसळणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना १९५० ते २०१५ या काळात सुमारे तिप्पट झाल्या, असे २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या शास्त्रज्ञांच्या एका पाहणीने दाखविले. एकूण पाऊस वाढला असे मात्र नाही. जेवढा पाऊस चार महिन्यांत पसरून पडे, त्याचा मोठा वाटा थोड्या दिवसांत येतो आणि मधले दिवस कोरडे जातात. मराठवाड्याचा पावसाळ्यातील सरासरी पाऊस सुमारे ६८० मिलिमीटर. महसूल खात्याच्या नियमाने एका मंडळात चोवीस तासांत ६५ मिलिमीटर पाऊस झाला की ती अतिवृष्टी. म्हणजे वर्षाचा जवळजवळ दहावा हिस्सा एका दिवसात. असे चार-पाच दिवस लागोपाठ आले तर दुष्काळी तालुका आणि पूरग्रस्त तालुका हे एकाच वर्षात, एकाच यादीत येऊ शकतात. लातूरने ते पाहिले आहे. २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून तेथे रेल्वेने पाणी आणले, आणि त्याच वर्षीच्या पावसाळ्याअखेर त्या भागात पुराने उभी पिके नेली.

दुसरी गोष्ट जमिनीची, आणि ती आमच्या डोळ्यांसमोर होती. काळी माती उन्हाळ्यात हातभर भेगाळते, पहिले पाऊस त्या भेगांतून पिऊन घेते. परंतु एकदा ती भिजून फुगली की भेगा मिटतात आणि वर जणू मेणकापड पसरते. पाणी मुरावयाचे थांबते आणि धावावयास लागते. खाली काळा पाषाण. माळरानावर तर मातीच वीतभर. म्हणून सप्टेंबरअखेरचा पाऊस जूनच्या पावसाहून वेगळा वागतो. कोरड्या प्रदेशात झाडझाडोरा विरळ, पाण्यास वाटेत अडवील असे थोडे, आणि नद्यांची पात्रे उथळ. बाडमेरच्या वाळवंटात कवास येथे २००६ च्या ऑगस्टमध्ये पूर आला तेव्हा जमिनीखालील जिप्समच्या थराने पाणी मुरू दिले नाही, कित्येक दिवस ते साचून राहिले. वाळवंटात बोटी चालविलेल्या लोकांची छायाचित्रे तेव्हा वर्तमानपत्रांत पाहून आम्हांस गंमत वाटली होती.

तिसरी गोष्ट आमच्या मनाची. कोरड्या मुलखात धरण भरणे हा सण असतो. जायकवाडी किती टक्के भरले, याची चौकशी मराठवाड्यात माणसे आजाऱ्याच्या प्रकृतीसारखी करतात. दुष्काळाच्या धाकाने प्रत्येक तलाव लवकर भरून घ्यावयाचा आणि भरलेला ठेवावयाचा, ही आमची सर्वांची मागणी असते. आम्हीही अशा निवेदनांवर सह्या केल्या आहेत. मग सप्टेंबरअखेर आभाळ फाटते तेव्हा कोळेगाव, चांदणी, खासापुरी सारे आधीच काठोकाठ. आलेले पाणी तसेच खाली सोडण्यावाचून गत्यंतर नसते. आत्यांना आम्ही ज्या धरणाचा हवाला दिला होता त्याची कथा ही अशी. पुलांच्या जागी टाकलेल्या नळकांड्या, झाडोरा-पाचटाने तुंबलेले बंधारे, उपसून खड्डे केलेले वाळूचे पात्र, आणि कोरडी नदी पाहून तिच्यात सरकत गेलेली शेते व घरे, हे सर्व त्यात मिळवा. आमची अभ्यासिकाही मिळवा.

आईच्या तलावाचेही येथेच सांगतो. तो फुटला नाही, परंतु सांडव्याजवळ भराव खचला. पन्नास वर्षांत त्याच्या भिंतीवर बाभळी वाढल्या, उंदीर-घुशींनी बिळे केली, डागडुजीस निधी नाही. २०२३ च्या सप्टेंबरमध्ये लिबियातील डेर्ना शहराच्या वरची, एरवी कोरड्या असणाऱ्या नदीवरील दोन धरणे एका रात्रीत फुटली आणि हजारो माणसे समुद्रात गेली. तीही जुनी, दुर्लक्षित धरणे होती. बहात्तरच्या बायांनी डोक्यावर माती वाहून बांधलेले असे तलाव मराठवाड्यात गावोगाव आहेत. ते कोणी तपासतो का, हे विचारण्याचा अधिकार त्या बायांच्या मुलांना आहे.

आणखी एक बदल शेतकरी जाणतात, शहरातील लोक जाणत नाहीत. आमच्याकडे पूर्वी सप्टेंबरअखेरचा, हस्ताचा पाऊस ही रब्बीची ठेव होती. त्याच्या ओलीवर शाळू पेरला जाई. शेत तेव्हा बहुधा रिकामे, पाळी घालून तयार ठेवलेले असे. आज त्याच आठवड्यात सोयाबीन काढणीस आलेले असते. पाऊस आपल्या जुन्या तारखेला आला तरी तो आता शेंगांना मोड आणतो. ज्या पावसाची आमचे आजोबा वाट पाहत, त्यास आम्ही ‘अवकाळी’ म्हणू लागलो आहोत. दोष सगळा पावसाचा नाही. परंतु ज्वारीला भाव नाही आणि सोयाबीनला रोख पैसा आहे, तेव्हा शेतकऱ्यास तरी काय म्हणावे?

या वाचनात बाबासाहेब पुन्हा भेटले, आणि ते अनपेक्षित ठिकाणी. १९४२ ते १९४६ या काळात ते व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री होते. पाटबंधारे आणि वीज हे विषय त्यांच्याकडे होते. १९४३ मध्ये दामोदरला मोठा पूर आला. ३ जानेवारी १९४५ रोजी कलकत्त्याला दामोदर खोऱ्याविषयी, आणि ८ नोव्हेंबर १९४५ रोजी कटकला ओरिसातील नद्यांविषयी परिषदा झाल्या, त्यांत त्यांची भाषणे आहेत. कटकच्या भाषणातील त्यांचा मुद्दा असा की, पाणी जास्त झाले म्हणून ते समुद्रात लोटून मोकळे व्हावे, ही जुनी दृष्टीच चुकीची आहे. माणसाचे हाल पाण्याच्या अतिरेकापेक्षा त्याच्या अभावानेच अधिक होतात, तेव्हा पूर आणि टंचाई हे दोन प्रश्न नसून साठवणुकीचा एकच प्रश्न आहे. चवदार तळ्याचे बाबासाहेब आम्ही मुलांना दरवर्षी २० मार्चला सांगतो. कटकचे बाबासाहेब सांगितल्याचे आम्हांस आठवत नाही. यंदा सांगितले. एका मुलाने विचारले, “सर, मग धरण भरलेले ठेवायचे की रिकामे?” प्रश्न चोख होता. एकाच धरणाने टंचाईसाठी भरलेले आणि पुरासाठी रिकामे असावयाचे, ही ओढाताण आजही सुटलेली नाही. आकाशाचा अंदाज चार दिवस आधी विश्वासाने मिळाला आणि त्यावर पाणी सोडण्याचे धैर्य कोणी केले, तरच ती थोडी सैल होईल. आम्ही त्यास एवढेच सांगू शकलो.

पूर ओसरल्यावर पंचनामे आले. शासनाने ३१ हजार ६२८ कोटींचे साहाय्य जाहीर केले, खरडून गेलेल्या जमिनींच्या दुरुस्तीसाठी रोजगार हमीतूनही रक्कम ठरविली. बहात्तरच्या दुष्काळातून घडलेली योजना पुराची माती भरावयास आली, हे पाहण्यास आई असती तर ती हसली असती. पण पंचनामा सातबाऱ्यावर चालतो. आमच्या वस्तीतील नऊ जण जे गायरान दोन पिढ्या कसतात त्याचा सातबारा त्यांच्या नावे नाही. १४ एप्रिल १९९० पूर्वीची अतिक्रमणे नियमित करण्याचा शासननिर्णय १९९१ मध्ये निघाला. त्याखाली अर्ज झाले, पावत्या झाल्या, नोंदी झाल्या नाहीत. पावत्याही आता वाहून गेल्या. माती गेली ती कोणाची, या रकान्यात लिहिण्यास नाव नाही. आणि ज्यांच्याकडे गायरानही नाही, केवळ हात आहेत, त्यांची सोयाबीन काढणीची मजुरी बुडाली. त्या मजुरीस पंचनाम्यात रकानाच नाही. त्यांतील बहुतेक जण दिवाळीनंतर ऊसतोडीला गेले, उचल घेऊन. दोन मुली वसतिगृहातून त्यांच्यामागे गेल्या होत्या. एक परत आणता आली.

सात कुटुंबांनी वरच्या माळावरील गायरानात जागा मिळावी म्हणून अर्ज केला आहे. अर्ज आम्हीच लिहून दिला, पूर्वी दिला होता तसाच. त्यावर अजून निर्णय नाही. दोन कुटुंबे गाळ काढून पुन्हा तेथेच राहावयास गेली आहेत. “सर, पुढच्या सप्टेंबरपर्यंत तरी हितंच काढावं लागंल,” असे त्यांतील एक जण म्हणाला, त्यात आमच्याविषयी राग नव्हता. राग असता तर बरे वाटले असते.

फेब्रुवारीत आठवीच्या मुलांस घेऊन आम्ही वस्तीवर गेलो. गवंड्याची पारदर्शक नळी, फीत आणि खडू एवढे साहित्य. पाण्याच्या खुणा भिंतींवर अजून होत्या. मुलांनी नळीने पातळी जुळवीत जुळवीत लिंबापासून मारुतीच्या पारापर्यंत मोजणी केली. अभ्यासिकेच्या जोत्यापासून आमच्या जुन्या घराचा उंबरा सात फूट वर भरला, आणि मारुतीचा पार एकतीस फूट. म्हाताऱ्या माणसांना विचारून ती म्हणतील ते वहीत उतरवावयाचे, साल सांगता आले नाही तरी उतरवावयाचे, अशी सूचना आम्ही यंदा आधीच दिली होती. पाच जणांनी लिंबापर्यंतच्या पाण्याविषयी सांगितले. त्यांतील तिघे पांढरीतील होते. एवढे सारे आम्हांस तेरा वर्षांपूर्वी विचारता आले असते, गावातच होते.

लिंबाच्या पहिल्या बेचक्याखाली, यंदाचे पाणी जेथवर चढले होते तेथे, मुलांनी पांढऱ्या रंगाने आडवी रेघ मारली आणि साल लिहिले. आत्यांना धरून आणले. आता त्यांना नीट दिसत नाही. त्यांनी हाताने खोड चाचपले, रेघेपर्यंत हात पोचला नाही. मग त्या खाली वाकल्या आणि पाराच्या वर वीतभर जागी बोट ठेवले.

“आमचं पानी हितवर हुतं,” त्या म्हणाल्या. “त्याची बी रेघ मारा.”

मुलाने ब्रश बुडविला, रेघ मारली आणि आमच्याकडे पाहून विचारले, “सर, साल काय लिहू?” धर्मांतराच्या मागेपुढे, म्हणजे चोपन्न ते अठ्ठावन्न काहीही असू शकते. जिल्ह्याच्या जुन्या पर्जन्यनोंदी मिळवून पाहू, असे आम्ही त्यास सांगितले आहे. तोवर खालच्या रेघेपुढची जागा कोरी ठेवली आहे.